संसारातील एक अबोल दुखणे

या सदरात आजवर आपण संसाराच्या अनेक अंगांचा विचार केला. सासूसुनांचे संबंध, मुलांचे अभ्यास, निवृत्तीनंतरचा रिकामा वेळ, वृद्ध आईवडिलांची सेवा अशा विषयांवर लिहिताना लेखणी कधी अडखळली नाही. आजचा विषय मात्र असा आहे की, तो चारचौघांत काढला तर ऐकणारे खाली पाहू लागतील. मध्यम वयाच्या, आणि कित्येकदा तरुण वयाच्याही, स्त्रियांना खोकताना, शिंकताना, मोठ्याने हसताना किंवा पाण्याची बादली उचलताना नकळत थोडी लघवी होते. काहींना लघवीची भावना झाली की न्हाणीघरापर्यंत पोहोचण्याइतकाही अवधी मिळत नाही. या त्रासाविषयी क्वचित कोठे लिहिले जाते. पण त्यामुळे पतिपत्नींच्या एकांतावर काय परिणाम होतो, याविषयी आपल्या घरांत जवळजवळ कोणीच बोलत नाही. पत्नी पतीशीही बोलत नाही, आणि खरी हानी तेथेच होते.

कोणी म्हणेल, कौटुंबिक मासिकात हे कशाला? लेकीसुना मासिक वाचतात, शाळकरी मुले ते चाळतात. हा आक्षेप नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ मासिक सुरू केले व १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते एकहाती चालविले. वाचकांनी विचारलेल्या लैंगिक प्रश्नांना त्यांनी सरळ उत्तरे दिली, म्हणून १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरण्यात आला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली. खटला ते हरले आणि त्यांना दंड झाला. कर्व्यांची सगळीच मते मला पटतात असे नाही. परंतु शरीराच्या दुखण्याविषयी स्वच्छ मराठीत लिहिणे अश्लील नव्हे, हा त्यांचा आग्रह मला संपूर्ण मान्य आहे. आणि लेकीसुनांनी हा लेख वाचावा, असेच मी म्हणेन.

मी भाषेचा विद्यार्थी, म्हणून आधी शब्दांकडे वळतो. मराठीत या त्रासाला रुळलेले नाव नाही. बायका आपसात ‘लघवी सुटते’, ‘धरवत नाही’, ‘लुगडे ओले होते’ असे म्हणतात. फार तर ‘खालचा त्रास’ म्हणून विषय मिटवतात. मधुमेह, दमा, संधिवात यांना जसे नाव आहे, तसे याला नाही. ज्याला नाव नाही ते दुखणे वैद्यापुढे मांडावे तरी कसे? हिंदीत, आणि अलीकडे मराठीतही, ‘मूत्र असंयम’ असा पारिभाषिक शब्द दिसतो. मला तो खटकतो. असंयम म्हणजे मनावर ताबा नसणे. संयम सुटला असे आपण रागीट, खादाड किंवा व्यसनी माणसाविषयी म्हणतो. तो स्वभावाचा दोष आहे, शरीराची व्याधी नव्हे. इंग्रजीतही हेच घडले आहे. ‘इन्कॉन्टिनन्स’ हा शब्द तेथे कित्येक शतके चारित्र्याच्या शिथिलतेसाठी वापरला जात होता. अरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राच्या इंग्रजी भाषांतरांतही तो मनोनिग्रहाच्या अभावासाठी आलेला आहे. दोन मुलांना जन्म देताना जिचे स्नायू ताणले गेले, तिच्या कपाळी असा शब्द चिकटवणे हा शुद्ध अन्याय आहे. म्हणून मी येथे ‘लघवी न धरवणे’ असेच साधे शब्द वापरीन.

आता शरीराची रचना थोडक्यात पाहू. मूत्राशय ही स्नायूंची पिशवी आहे. तीत साधारण तीनशे ते पाचशे मिलिलिटर लघवी मावते. तिच्यातून बाहेर येणारी नळी स्त्रियांच्या बाबतीत अवघी चार सेंटिमीटरच्या आसपास लांबीची असते. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागे माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय आणि मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग हे तिन्ही अवयव या झोळीवर विसावलेले असतात. लघवी धरून ठेवण्याच्या कामी या झोळीचा मोठा आधार असतो. बाळंतपणात बाळाचे डोके या झोळीतूनच वाट काढते. बाळ वजनाने मोठे असेल, कळा फार वेळ चालल्या असतील किंवा चिमटा लावावा लागला असेल, तर झोळी अधिक ताणली जाते. पुढे पाळी जाण्याच्या सुमारास त्या भागातील कातडी व ऊती पातळ, कोरड्या होतात. त्यात जुनाट खोकला, बद्धकोष्ठ, वाढलेले वजन यांची भर पडली की दुखणे डोके वर काढते. ज्यांनी कधीच बाळंतपण अनुभवले नाही, अशा स्त्रियांनाही ते होऊ शकते, हेही लक्षात ठेवावे.

त्याचे मुख्य प्रकार दोन. पोटावर जोर पडला की लघवी निसटते, हा एक. आणि मूत्राशयाचे स्नायू अवेळी आवळले जाऊन अनावर घाई होते, हा दुसरा. पुष्कळ जणींना दोन्ही असतात. हा भेद केवळ डॉक्टरांच्या कामाचा नाही. पतिपत्नींच्या सहवासातही तो वेगवेगळ्या तऱ्हेने प्रकट होतो. इंग्लंडातील स्त्रीरोगतज्ज्ञ पॉल हिल्टन यांनी १९८८ साली लघवीच्या तक्रारी घेऊन आलेल्या स्त्रियांना मुद्दाम या बाजूने विचारले. वैवाहिक संबंध चालू असलेल्या ३२४ स्त्रियांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाच्या स्त्रियांनी समागमाच्या वेळी लघवी होते असे सांगितले. त्यांतील दोनतृतीयांश जणींना ती समागमाच्या आरंभी होत असे, आणि एकतृतीयांश जणींना केवळ सुखाच्या परमावधीच्या क्षणी. पहिला प्रकार बहुधा स्नायूंच्या झोळीच्या दुर्बलतेशी, तर दुसरा मूत्राशयाच्या अवेळी आकुंचनाशी निगडित असतो. हिल्टन यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच हे लक्षण नेहमी आढळणारे, पण आपण होऊन क्वचितच सांगितले जाणारे, असल्याचे म्हटले होते. त्या स्त्रिया याच त्रासासाठी तज्ज्ञाकडे आल्या होत्या, त्यांच्यात संकोचाचा पहिला उंबरठा ओलांडण्याचे धैर्य होते. तरीही ही एक गोष्ट विचारल्याशिवाय ओठांवर येत नव्हती. मग ज्या तज्ज्ञापर्यंत पोहोचतच नाहीत त्यांची काय कथा!

एकांतावरचा परिणाम या प्रत्यक्ष प्रसंगापुरता मर्यादित नसतो. तो प्रसंग एकदा घडला की पुढच्या प्रत्येक वेळी त्याची भीती सोबत येते. जिचे सारे लक्ष आपले कपडे कोरडे आहेत ना, वास तर येत नाही ना, अंथरूण भिजणार तर नाही ना, इकडे लागलेले असते, तिच्या मनात प्रेमाची ऊर्मी यावी कशी? मन ताणलेले, शरीर आखडलेले. त्यात ओलाव्याने कातडी चुरचुरत असेल आणि वयपरत्वे आलेला कोरडेपणा असेल, तर समागम वेदनादायक होतो. रात्रीतून तीनतीनदा उठावे लागत असेल तर झोप मोडते ती निराळीच. हळूहळू ती स्त्री टाळू लागते. आज डोके दुखते, उद्या उपवास, परवा पाहुणे. एक दिवस तिचे अंथरूण वेगळे होते. मुलीची परीक्षा आहे, सासूबाईंना रात्री सोबत हवी, अशी कारणे आपल्या घरांत नेहमीच उपलब्ध असतात आणि त्यांवर कोणी शंका घेत नाही.

काही काळापूर्वी या सदराच्या एका वाचकाचे पत्र आले होते. वय बावन्न, लग्नाला पंचवीस वर्षे झालेली. त्यांची तक्रार अशी की पत्नी दीड वर्षापासून मुलीच्या खोलीत झोपते, जपमाळ घेऊन बसते आणि जवळ गेले तर अंग चोरते. तिला विरक्ती आली असावी असे प्रथम त्यांना वाटले. पुढे, आपला तिला कंटाळा आला, असे वाटू लागले. ते स्वतः घराबाहेर जास्त वेळ राहू लागले. गृहस्थ सज्जन, पत्रात पत्नीविषयी एकही कठोर शब्द नव्हता. मी त्यांना एवढेच कळविले की, कारण तर्काने ठरवू नका, प्रकृतीची चौकशी करा, पण शरीरसंबंधाचा विषय न काढता करा. तीन महिन्यांनी त्यांचे दुसरे पत्र आले. एका लग्नाहून परतताना बसमध्ये पत्नी अचानक रडू लागली. बस मध्ये थांबत नव्हती आणि तिचे कपडे भिजले होते. त्या रात्री तिने सारे सांगितले. दुसऱ्या बाळंतपणापासून थोडा त्रास होता, तो पाळी जाताना वाढला. एकदा पतीच्या सहवासात तो प्रसंग घडला होता. त्यांच्या ध्यानातही आला नव्हता. तिने मात्र त्या रात्रीनंतर ठरवून टाकले होते की, यांना आपली किळस येण्यापूर्वी आपणच दूर झालेले बरे. दीड वर्ष दोघेही एकाच छपराखाली, एकमेकांविषयी अगदी चुकीची समजूत उराशी धरून राहत होते. तिला वाटे त्यांना किळस येईल. त्यांना वाटे तिला आपला कंटाळा आला. दोन्ही गोष्टी मुळात नव्हत्याच.

हे पत्र वाचून मला जाणवले की, लघवीचे ते चार थेंब या संसारात तिऱ्हाईत होते. दुरावा निर्माण केला तो मौनाने. आणि हे मौन पत्नीच्या एकटीच्या स्वभावातून आलेले नाही. आपल्या घरांत सोवळ्याओवळ्याच्या कल्पना आज पूर्वीइतक्या कडक नसल्या तरी मनाच्या तळाशी त्या आहेत. ज्या बाईला आपले वस्त्र दिवसभर स्वच्छ राहील याची खात्री नाही, ती पूजेला बसायला कचरते, हळदीकुंकवाला जाणे टाळते, गेलीच तर दाराजवळची जागा पाहते. देवासमोर जी स्वतःला ओवळी समजते, ती पतीच्या शेजारी स्वतःला शुचिर्भूत कशी समजेल? शिवाय आपल्या घरांची रचना पाहा. न्हाणीघर मागीलदारी किंवा जिन्याखाली, रात्री दिवा लावला की घर जागे होते. चादर धुतली तर ती गच्चीवर वाळत घालावी लागते, आणि आठवड्यात तिसऱ्यांदा चादर का, हे विचारणारे घरात कोणीतरी असतेच. शहरातील नव्या सदनिकांत ही अडचण कमी झाली आहे. मनातली अडचण मात्र तेथेही सामानाबरोबर गेलेली दिसते.

शाळेत पहिलीतले पोर करंगळी वर करते आणि गुरुजी मान डोलावतात. त्याच्या त्या गरजेत कोणालाही लाजिरवाणे वाटत नाही. त्याच वर्गात शिकविणारी बाई मात्र सकाळी घरून निघाल्यापासून पाण्याचा घोट घेत नाही. कित्येक सरकारी शाळांमध्ये शिक्षिकांसाठी धड स्वच्छतागृह नसे. आता पुष्कळ ठिकाणी झाले आहे, तरी पाणी न पिण्याची सवय राहिली आहे. लघवी न धरवणाऱ्या स्त्रियाही हाच उपाय करतात, आणि तो उलटतो. पाणी कमी प्यायले की लघवी दाट होते, दाट लघवीने मूत्राशय चुरचुरते व घाई अधिकच वाढते. बद्धकोष्ठ होते, जंतुसंसर्गाला वाव मिळतो. पाणी नेहमीसारखे प्यावे. चहा-कॉफी मात्र आवरती घ्यावी. आपल्याकडे दिवसाला पाचसहा कप सहज होतात आणि घाईचा त्रास असणाऱ्यांना ते बाधते.

उपायांकडे वळण्यापूर्वी पतींसाठी चार शब्द. आपली पत्नी दूर राहू लागली तर ती का, हे न विचारता रुसून बसणे हा आपल्या पुरुषवर्गाचा जुना रोग आहे. विचारायचे तेही अंथरुणावर नव्हे. संध्याकाळी फिरायला जाताना, सकाळचा चहा घेताना, “तुझी प्रकृती बरी दिसत नाही, काही होते का?” एवढे पुरते. पहिल्या खेपेला “काही नाही हो” असेच उत्तर येईल. ते अखेरचे समजू नये. आणि ती सांगू लागली तर मध्येच “एवढेच ना!” असे म्हणू नये. आपल्या मते आपण धीर देत असतो. तिला वाटते, हिच्या दीड वर्षाच्या झुरणीची किंमत एवढीच. तिने सांगून झाल्यावर मात्र हे जरूर सांगावे की आपल्याला किळस वाटत नाही. निरोगी माणसाच्या ताज्या लघवीच्या थेंबांनी जोडीदाराला सहसा काही अपाय होत नाही, हे वैद्यकीय सत्यही सांगावे. काही पुरुष थट्टा करतात, काही तर भांडणात हेच शस्त्र म्हणून उपसतात. अशा घरांतील स्त्रीने पतीला विश्वासात घ्यावे असा उपदेश मी करणार नाही. तिने बहिणीला, मैत्रिणीला किंवा सरळ डॉक्टरांना सांगावे. आणि तिला जवळीक नको असेल तर ती नको, या म्हणण्याचा मान कारण कळण्यापूर्वीही राखलाच पाहिजे.

दुखणे बरे होईपर्यंत एकांत बंद ठेवण्याचे कारण नाही. पतिपत्नींत एकदा मोकळेपणा आला की साध्या गोष्टी पुष्कळ काम करतात. आधी लघवीला जाऊन यावे. त्यापूर्वीचे तासदोन तास पाणी, चहा बेताने घ्यावा. अंथरुणावर जाडसा टॉवेल घालावा, म्हणजे गादीची चिंता मिटते. पोटावर भार पडणार नाही अशी, कुशीवर निजण्यासारखी, स्थिती निवडावी. कोरडेपणाचा त्रास असेल तर त्यावर औषधे व स्निग्ध द्रव्ये मिळतात. पाळी गेलेल्या स्त्रियांना डॉक्टर स्थानिक मलमही देतात. आणि समागम म्हणजेच सारी जवळीक, ही समजूतही थोडी सैल करावी. हात हातात घेऊन निजण्याला कोणत्याही स्नायूंचा अडथळा नसतो.

मुख्य उपाय व्यायामाचा आहे, आणि तो खर्चाचा नाही. अमेरिकेतील स्त्रीरोगतज्ज्ञ अर्नोल्ड केगेल यांनी १९४८ साली ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंच्या व्यायामाविषयी निबंध प्रसिद्ध केला. तेव्हापासून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पुढे १९५२ साली याच स्नायूंचा वैवाहिक सुखाशी असलेला संबंधही त्यांनी मांडला. म्हणजे दोन प्रश्नांचे उत्तर एकाच जागी आहे, हे सत्तर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे. वायू सरताना तो रोखण्यासाठी जे स्नायू आपण वर ओढतो, तेच हे स्नायू. ते आवळून पाच सेकंद धरावे, मग तितकाच वेळ संपूर्ण सैल सोडावे. जमेल तसे हे धरणे दहा सेकंदांपर्यंत वाढवावे. अशी आठ आवर्तने, दिवसातून तीन वेळा, निदान तीन महिने. पोट, मांड्या, नितंब ताठ करू नयेत आणि श्वास कोंडू नये. लघवी करताना मध्येच धार रोखून सराव करण्याची जी पद्धत कोणी सांगतात, ती सवय म्हणून करू नये. खोकला किंवा शिंक येते असे वाटताच क्षणभर आधी हे स्नायू आवळण्याची सवय लावली तर तेवढ्यानेही फरक पडतो. योगाचा अभ्यास असणाऱ्यांना येथे मूलबंध आठवेल. आकुंचन त्याच भागाचे असले तरी योगशास्त्राचा हेतू निराळा आहे. दोहोंची सरमिसळ न करता डॉक्टरांनी किंवा व्यायामोपचार शिकविणाऱ्या तज्ज्ञ बाईंनी सांगितलेली पद्धतच अनुसरावी. अनेक स्त्रियांना प्रथम नेमका स्नायू सापडत नाही. म्हणून एकदा शिकून घेणे बरे.

येथे आपल्या बाळंतपणाच्या प्रथांविषयी बोलल्यावाचून राहवत नाही. सव्वा महिना माहेरी विश्रांती, डिंकाचे व अळिवाचे लाडू, शेकशेगडी, बाळंतशोपा, पोटाला घट्ट पट्टा: बाळंतिणीच्या प्रत्येक अवयवाची काळजी आपल्या आज्यांनी वाहिली. ज्या स्नायूंनी सर्वांत अधिक झीज सोसली, त्यांच्या वाट्याला मात्र काहीच आले नाही. लाडू जरूर खावेत; त्याबरोबर हा व्यायामही बाळंतिणीच्या दिनक्रमात बसवावा. नैसर्गिक बाळंतपण सुरळीत झाले असेल तर तो थोड्याच दिवसांत सुरू करता येतो. टाके किंवा शस्त्रक्रिया असेल तर डॉक्टरांना विचारून.

वजनाची गोष्टही प्रयोगाने सिद्ध झालेली आहे. अमेरिकेत ३३८ स्थूल स्त्रियांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना सहा महिने आहार व व्यायामाचे रीतसर मार्गदर्शन मिळाले, त्यांचे वजन सरासरी आठ टक्क्यांनी घटले आणि लघवी सुटण्याचे प्रसंग सुमारे ४७ टक्क्यांनी कमी झाले. ज्यांना केवळ माहिती दिली गेली त्यांच्यात ही घट २८ टक्के होती. सत्तर किलो वजनाच्या बाईने साडेपाच किलो उतरविणे म्हणजे अशक्य कोटीतील गोष्ट नव्हे.

घाईचा प्रकार असेल तर मूत्राशयाला वळण लावावे लागते. दर तासाला जाण्याची सवय असेल तर ती सव्वा तासावर, मग दीड तासावर, अशी निदान सहा आठवडे हळूहळू लांबवत न्यायची. याने न भागल्यास गोळ्या आहेत. त्यांतील काहींनी तोंड कोरडे पडते व मलावरोध होतो, हे आधी विचारून घ्यावे. जोराने निसटणारी लघवी व्यायामाने आटोक्यात आली नाही तर शस्त्रक्रिया करता येते. मूत्रनलिकेखाली आधाराची पट्टी बसविण्याची पद्धत स्वीडनच्या उल्फ उल्मस्टेन यांनी १९९६ साली मांडली आणि ती जगभर पसरली. पुढे काही स्त्रियांना त्या जाळीमुळे वेदना व इतर उपद्रव झाले. इंग्लंडात २०१८ साली तिच्या वापरावर निर्बंध घालण्यात आले. शस्त्रक्रिया वाईट, असा याचा अर्थ नव्हे. पुष्कळ जणींना गुण येतो. पण कोणती, का, आणि वैवाहिक संबंधांवर तिचा काय परिणाम संभवतो, हे प्रश्न पतिपत्नींनी एकत्र बसून डॉक्टरांना विचारावेत. ‘पिशवी काढून टाका म्हणजे सारे संपेल’ हा सल्ला मात्र शेजारणीचा असो की आणखी कोणाचा, तसाच स्वीकारू नये. गर्भाशय काढणे हा लघवी सुटण्यावरचा इलाज नाही. अंग बाहेर येत असेल तर ती गोष्ट निराळी. तिच्यासाठी आत बसविण्याच्या कड्यापासून शस्त्रक्रियेपर्यंत वेगवेगळे मार्ग आहेत.

डॉक्टर पुरुष असतील तर सांगता येत नाही, ही अडचणही जुनीच आहे. आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली अमेरिकेस निघण्यापूर्वी श्रीरामपूर येथील भाषणात, हिंदी स्त्रिया पुरुष वैद्यांपुढे आपली दुखणी मांडण्यास संकोचतात, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, असे कारण दिले होते. आज आमच्या इंदूरसारख्या शहरात स्त्री डॉक्टरांची वाण नाही. महाराजा यशवंतराव रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयांतही स्त्रीरोग विभाग आहेत. आनंदीबाईंनी दाखविलेली वाट रुंद झाली आहे. तिच्यावर पाऊल टाकायचे ते आता आपणच.

जाताना रिकाम्या हाताने जाऊ नये. निदान तीन दिवसांची नोंद वहीत करून न्यावी: किती वाजता लघवीला गेले, किती पाणी व चहा घेतला, केव्हा व काय करताना लघवी निसटली, रात्री किती वेळा उठावे लागले. समागमाच्या वेळी त्रास होत असेल तर तेही त्याच वहीत एका ओळीत लिहावे. तोंडाने सांगणे जड गेले तर वही पुढे करता येते. लघवीची व रक्तातील साखरेची तपासणी डॉक्टर बहुधा सांगतातच. लघवीतून रक्त जात असेल, लघवी अडत असेल, बाळंतपणानंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर ती रात्रंदिवस थेंबथेंब वाहतच राहत असेल, किंवा पायांत अचानक अशक्तपणा आला असेल, तर तीन दिवसांच्या नोंदीचीही वाट पाहू नये. आणि पतीने बरोबर जावे. आत जायचे की बाहेर बाकावर बसायचे, ते पत्नी सांगेल.